देव्हाऱ्यातला बिल्ला

पहिली मोठी लढाई चालू होती. माझा थोरला भाऊ समुद्रापल्याड बसऱ्याकडं लढायला गेला, एवढंच आम्हाला ठाऊक. एका बाजाराच्या दिवशी सरकारनं अनसिंगला मांडव घातला, बाजा लावला, आणि ज्यांची पोरं लढाईवर होती त्यांच्या बापांना बोलावून छातीवर बिल्ले लावले. एका बाजूला राजाचं तोंड, दुसऱ्या बाजूला तलवार. वाशीमहून आलेला साहेब गोड गोड बोलत होता आणि मांडवाच्या कडेलाच भरतीचं टेबल मांडलेलं. मला अजून संताप येतो. लेकरं न्यायची अन् बापांच्या हातात खेळणं द्यायचं! पण माझा बा भोळा. हरखून गेला बिचारा.

घरी येऊन त्यानं बिल्ला धुतला, हळदकुंकू वाहिलं आणि देव्हाऱ्यात ठेवला. राजाचं तोंड ते, दुसरीकडं कुठं ठेवणार? आता आमच्याकडची रीत अशी, की घरातलं माणूस गेलं की सोनाराकडून चांदीच्या पत्र्यावर त्याची मूर्त उठवून घ्यायची. त्याला टाक म्हणतात. आजा-पणजाचे टाक देव्हाऱ्यात ओळीनं होते, आणि बानं बिल्ला नेमका त्यांच्याच शेजारी टेकवला.

माय वावरातून आली, दिवा लावायला वाकली आणि किंचाळलीच.

"काहून ठेवला हा इथं? माहा पोरगा जित्ता हाये!"

"अवं, राजा हाये तो," बा म्हणाला.

"राजा असो का कोनी! माह्या पोराच्या नावानं भेटला ना? मंग मेलेल्याइत कायले बसवता त्याले?"

तिनं बिल्ला उचलून फडताळात टाकला.

लढाई सरली. गावोगावची पोरं परतली. आमचा आला नाही, सरकारचा कागदही आला नाही. दर आखाजीला पितरांच्या नावानं घागरी भरताना बा मायकडं बघायचा आणि ती मान हलवायची. भावाच्या नावाची घागर भरू द्यायची नाही. लोक म्हणत, बाई येडी झाली. येडी कसली! आई होती ती.

मग एका वर्षी आखाजीच्या तोंडावर ती आपणहून उठली आणि मला घेऊन सोनाराकडं गेली. "पोराचा टाक करा लागते," म्हणाली. सोनारानं पत्रा घेतला, ठरलेला पुरुषाचा ठसा काढला, हातोडी उचलली. मायनं त्याचा हात धरला.

"मिशी नोको काढू, भाऊ. गेला तवा त्याले फुटली नवती."