जकातदारांची कवळी उन्हात

ग्वाल्हेरच्या खासगी बाजारातल्या त्या बोळात महिपतराव जकातदारांना कुणी नावानं हाक मारत नसे. रावसाहेब म्हणायचं, आणि म्हणताना मान जरा लववायची, असा शिरस्ता होता. तो शिरस्ता रावसाहेबांनीच पाडलेला होता. नोकरी केली ती केंद्र सरकारच्या एका कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर, पण त्यांना विचाराल तर ते घराण्यापासून सुरुवात करत. पणजोबांचे वडील दरबाराच्या वेळचे नाकेदार. त्यांच्या हुकुमाशिवाय बैलगाडीचं चाक हलत नसे. नाका नेमका कुठला, ते मात्र रावसाहेबांच्या त्या दिवशीच्या तब्येतीवर असे. कधी चंबळेचा घाट, कधी मुरारचा रस्ता, आणि जेवण फार झालं असेल तर दोन्ही.

दुसरा अभिमान दातांचा. सत्तरी उलटली तरी बत्तीसच्या बत्तीस आपलेच आहेत, असं ते छातीवर हात ठेवून सांगत. ते अगदीच खोटंही नव्हतं. हरिशंकरपुरम वस्तीत दात बनवणाऱ्या कान्होजी शितोळ्याकडून वरची आणि खालची अशी अख्खी कवळी त्यांनी रोख पैसे टाकून आणलेली होती. हे गुपित तिघांत. रावसाहेब, कान्होजी आणि रावसाहेबांच्या पत्नी विजयाबाई. विजयाबाई पोटात ठेवणाऱ्या. त्यांच्या पोटात चाळीस वर्षांचं बरंच काही ठेवलेलं होतं.

करोनाच्या वर्षी मार्चातल्या त्या रविवारी संध्याकाळी साऱ्या देशानं थाळ्या वाजवायच्या ठरल्या. बोळातल्या गच्च्या माणसांनी भरल्या. कुणी परात आणली, कुणी कुकरचं झाकण. रावसाहेब म्हणाले, थाळी काय, ती भूक लागली की पोरंही वाजवतात. त्यांनी देवघरातला शंख काढला, डोईवर लग्नातली पगडी चढवली आणि गच्चीच्या कठड्याला पोट टेकवून अशी फुंकर घातली की शंखातून आवाज यायच्या आधी तोंडातून वरची कवळी बाहेर पडली. ती शेजारच्या पत्र्यावर आपटली, तिथून खाली फरशीवर गेली. गलका एवढा होता की कुणाला कळलं नाही. रावसाहेब तसेच पगडीसकट जिने उतरले, उपरण्यात दोन तुकडे गोळा केले, आणि वरून पाहणाऱ्यांना हात जोडून दाखवले. लोकांना वाटलं, रावसाहेब धरणीमातेच्या पाया पडून राहिले. दोघातिघांनी आपापल्या गच्चीवरून नमस्कार केला.

दुसऱ्या सकाळी तुकडे कान्होजीकडे पोचले. त्यानंतर एका रात्रीत देशाला कुलूप लागलं.

आता गंमत अशी की त्या कुलपाचा रावसाहेबांइतका आनंद ग्वाल्हेरात दुसऱ्या कुणाला झाला नसेल. तोंडावर फडकं बांधणं सक्तीचं झालं. बोळातल्या सीमंतिनी राजवाड्यांनी जुन्या साड्यांचे मास्क शिवून वाटले, तर रावसाहेबांनी चार नेले. ते जेवताना सोडून मास्क काढत नसत आणि जेवायला दार लावून बसत. आत विजयाबाई त्यांना रोज मऊ भात कालवून घालत. बाहेर लोक म्हणत, शिस्त शिकावी तर रावसाहेबांकडून.

मग नाका आला. गणपतीच्या मांडवाचे बांबू केदार दिघ्यांच्या जिन्याखाली पडलेले असत. ते काढून बोळाच्या तोंडाशी आडवे बांधले. केदारची स्वतःची चपलांची दुकानदारी बंदच होती, त्यानं सुतळी आवळली. मागे टेबल, टेबलामागे खुर्ची, खुर्चीत पगडी घातलेले रावसाहेब. पणजोबांच्या वडिलांची जागा शंभर वर्षांनी भरली गेली.

त्यांनी नियम केले. बाहेर जाईल तो परत आत येणार नाही. कामवाल्या बंद. हरिशंकरपुरमात कुणाला तरी खोकला झाल्याचं मोबाइलवर आलं, म्हणून हरिशंकरपुरमाचं तर नावही काढायचं नाही. आणि बाहेरून येणारी प्रत्येक वस्तू झाकण काढून, सगळ्यांच्या देखत, टेबलावर एक दिवस उन्हात राहील, मगच आत. पहिल्या दिवशी दूध फाटलं. रावसाहेब म्हणाले, पनीर करा. केदारच्या आईच्या रक्तदाबाच्या गोळ्याही दिवसभर तापल्या. म्हातारी संध्याकाळपर्यंत जिन्यात बसून गोळ्यांकडे बघत होती.

देशाच्या सीमांविषयीही रावसाहेबांचं ठाम मत होतं. विमानं बंद, ठीक. गाड्या बंद, ठीक. जिल्ह्यांच्या हद्दी बंद केल्या तेव्हा म्हणाले, उशीर केला. धौलपूरकडून आणि झाशीकडून चिमणीसुद्धा नाही आली पाहिजे. लोकांचे धंदे बसून राहिले, असं केदार एकदा हळूच बोलला, तर त्याला अर्थव्यवस्था समजावली गेली. अर्थव्यवस्था म्हणजे पोटासारखी. चार दिवस लंघन केलं की साफ होते. मोठ्या मदतीची घोषणा झाली त्या दिवशी रावसाहेबांनी तो आकडा खडूनं टेबलावर लिहायला घेतला. शून्यं टेबलाच्या कडेवरून खाली आली, तरी संपेनात. त्यातलं आपल्या दुकानापर्यंत किती येईल, असं केदारनं विचारलं. रावसाहेबांनी त्याला धीर धरायला सांगितलं. मात्र पेन्शनवरचा महागाई भत्ता गोठवल्याची बातमी आली होती, त्या एका संध्याकाळी त्यांना अर्थव्यवस्थेत दोष दिसला होता. तो दिसून पुढे दोन दिवस टिकला.

मेच्या भर उन्हात एकदा स्टेशनकडून रस्ता चुकलेली सात-आठ माणसं बोळाशी आली. सुरतेहून निघालेली, टीकमगढला जायची. एका बाईच्या कडेवर पोर होतं, त्याच्या पायांना कापड गुंडाळलेलं. त्यांना आतल्या हापशावर पाणी प्यायचं होतं. रावसाहेबांनी खुर्चीतूनच हायवेकडे बोट केलं. तेव्हा विजयाबाई वरून उतरल्या, पितळेची कळशी भरून बांबूवरून पलीकडे दिली. माणसं ओंजळीनं प्यायली, उरलेलं पोराच्या पायांवर ओतलं, कळशी परत करून गेली. विजयाबाईंनी ती घ्यायला हात पुढे केला.

"ठेव तिथेच," रावसाहेब म्हणाले. "बाहेरच्यांचा हात लागलाय. दिवसभर ऊन. नियम म्हणजे नियम."

विजयाबाईंनी कळशी टेबलावर ठेवली आणि वर गेल्या. कामवाली रामकली येईनाशी झाल्यापासून भांडी त्याच घासत होत्या. त्या संध्याकाळी भांड्यांचा आवाज जरा जास्त आला.

एवढ्यात बातमी पसरली की शहरातल्या एका छोट्या चॅनलची गरिमा नावाची मुलगी बोळ बघायला येणार. 'आदर्श गली' म्हणून कार्यक्रम करणार, आणि मुलाखत रावसाहेबांची. रावसाहेबांनी आधी पगडी झटकून घेतली आणि मग जिभेनं वरची हिरडी चाचपली. मास्कआडून बोळाला चालून जात होतं, तिथे चार शब्दांवर काम भागे. पण टीव्हीवर तोंड उघडं करून बोलायचं, तेही घराण्यावर, सीमांवर, अर्थव्यवस्थेवर, हे काम कवळीशिवाय होणारं नव्हतं. त्यांनी मोरीत जाऊन कान्होजीला फोन लावला.

"दात? ते तर अजून अर्धेच आहेत, रावसाहेब," कान्होजी म्हणाला. "हिरडीची पूड दिल्लीहून येते न. हद्दी बंद करून राहिले सगळे. तुम्हीच तर म्हणत होते, चिमणी पण नाही आली पाहिजे."

रावसाहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा कान्होजीला 'कान्होजीराव' म्हटलं. कान्होजीनं कुण्या दुसऱ्या कारागिराकडून पूड मिळवली आणि मुलाखतीच्या सकाळी आणून देतो म्हणाला.

त्या सकाळी सगळा बोळ नाक्यावर. सीमंतिनीबाई पैठणीच्या काठाचा मास्क लावून, केदार इस्त्रीच्या शर्टात. रावसाहेबांचा बेत असा की कान्होजी येईल, डबा हातात पडेल, वर जाऊन दात बसवून उतरायचं. कान्होजी स्कूटरवरून आला, स्टीलचा डबा बांबूवरून पुढे केला. रावसाहेबांचा हात डब्यावर पडायच्या आत केदार म्हणाला, हे कुठून आलं?

"औषध आहे," रावसाहेब मास्कआडून पुटपुटले.

"माझ्या आईचं पण औषधच होतं," केदार म्हणाला. त्यानं डबा घेतला आणि टेबलावर ठेवला.

कान्होजी घाईनं म्हणाला, उन्हात नका ठेवू, पाण्यात पाहिजे, वाळलं तर वाकडं होईल. कशाचं काय वाकडं होईल, ते कुणालाच कळेना. रावसाहेबांनी बायकोकडे पाहिलं. डोळ्यांत एवढी विनवणी लग्नात मुंडावळ्यांआडूनही नव्हती.

विजयाबाई पुढे आल्या. पदर खोचला.

"अहो, झाकण राहिलं न," त्या म्हणाल्या, आणि काढलं.

बोळ डब्यात वाकला. डब्यातून बोळाकडे पाहून वरचे दात हसत होते, नवे, गुलाबी हिरडीसकट. केदारच्या आईनं जिन्यातून विचारलं, काय आलं रे? केदार म्हणाला, रावसाहेब आले.

तेवढ्यात गरिमा आली. तिनं कॅमेरा लावला, माईक पुढे केला आणि म्हणाली, "सर, मास्क थोड़ा नीचे कीजिए, चेहरा तो दिखे।"

रावसाहेबांचा हात मास्कपर्यंत गेला, तिथून टेबलाकडे वळला. दात उचलले तर भर कॅमेऱ्यात नियम मोडतो. नाही उचलले तर तोंडाचं बोळकं दिसतं. सारा बोळ बघत होता, कुठला हात कुठे जातो ते. शेवटी त्यांनी दोन्ही हात मागे घेतले आणि बायकोकडे बोट केलं.

मुलाखत विजयाबाईंनी दिली. थोडकीच, अर्ध्या हिंदीत. नाका चांगला आहे म्हणाल्या. पण पाणी मागणाऱ्याला थांबवायचं नसतं, आणि रामकलीला पगार घरी बसूनच द्यायला हवा होता, तो उद्या देणार आहोत. गरिमानं पाठीमागचा देखावाही घेतला. रात्री टीव्हीवर तो सगळ्यांनी पाहिला. विजयाबाई बोलताहेत आणि मागे पगडी घातलेला एक म्हातारा उपरण्यानं टेबलावरच्या डब्यावरून कावळे हाकतोय. दिवसभर हाकले त्यांनी. त्या बोळाच्या नाक्यावर खरी राखण झाली ती तेवढीच.

ऊन उतरल्यावर विजयाबाईंनी दात धुऊन हातात दिले. कान्होजीचं खरं ठरलं होतं. उजवीकडे वर, डावीकडे खाली, कवळी वाकली होती. ती तशीच बसवली. कान्होजीकडे दुरुस्तीला जायचं म्हणजे बाहेर जायचं, आणि बाहेर जाईल तो परत आत येणार नाही.

रामकली दुसऱ्या दिवशी आली. बांबू तिनं स्वतःच वर केला. रावसाहेब खुर्चीतून तिला अडवायला उठले आणि "सील आहे" म्हणाले. पण आता त्यांनी 'स' म्हटला की कवळीतून लांब शिट्टी निघे. रामकली भांड्यांकडे निघून गेली. शिट्टी ऐकून बोळातली दोन कुत्री मात्र धावत आली आणि शेपट्या हलवत रावसाहेबांपुढे बसली.