कडेची नजर

शिंप्याला सुईत दोरा ओवता येईना, तेव्हा डॉक्टर म्हणाले, नजरेचा मधला भाग गेलाय. तरी हा हट्टी माणूस रोज रात्री गच्चीवर शिडी चढून, स्वतः बनवलेल्या अगडबंब दुर्बिणीच्या वरच्या टोकाला डोळा लावून दीर्घिका बघायचा.

"पुसट दीर्घिका कडेच्या नजरेनंच दिसते," म्हणायचा.

बायकोला वाटे, थापा मारतोय. एक दिवस पडून हाडं मोडून घेईल. आज तो दुर्बीण दीर्घिकेवर रोखून शिडी चढत असताना तिनं अंधारात ती हळूच भलतीकडे वळवली. "दिसली" म्हणाला, की शिडी उद्याच भंगारात!

त्यानं डोळा लावला. खोटं बोलू नकोस रे, असं आता तिलाच वाटू लागलं.

"इथं काही नाही," तो म्हणाला. "दुर्बीण होती तिथं आण. आणि शिडी धर."