लिमिटचं टेबल

फैजपूर-जळगाव एसटीत ते रोज माझ्या शेजारी बसायचे, पण नाव विचारायचं राहूनच गेलं. मूळचे शिंदखेड्याचे, पन्नाशीचे असावेत. मोबाइलवर पैसे लावून पोकर खेळायचे. नवं पान उघडायच्या आधी मोबाइल गुडघ्यावर पालथा ठेवून क्षणभर डोळे मिटायचे.

त्यांनीच मला समजावलं होतं, की लिमिटच्या टेबलावर एका वेळी ठरावीकच पैसे लावता येतात आणि नो-लिमिटवर जवळचे सगळे.

"मग नफा कशात जास्त?" मी विचारलं.

"नो-लिमिटमध्ये. म्हणून तर तिकडे जात नाही. लिमिटमध्ये काही सुटत नाही, भाऊ, पण घरी कोणाला कळतही नाही."

दिवाळीनंतर मात्र ते नो-लिमिटवर गेले. काही दिवस खुशीत होते, माझंही तिकीट काढायचे. मग दिसेनासे झाले.

परवा पुन्हा भेटले, तेव्हा सोबत बायको होती. ती आता जळगावात एका मेसमध्ये पोळ्या लाटायला जाते, असं त्यांनी सांगितलं. मी काही विचारायच्या आत हलक्या आवाजात म्हणाले, "बठ्ठं गयं, भाऊ. सगळंच गेलं."

थोड्या वेळाने त्यांनी तिला किती वाजले ते विचारलं. तिने आपल्या पिशवीतून त्यांचा मोबाइल काढला, वेळ सांगितली आणि पुन्हा पिशवीत ठेवून दिला.