अकरावी पायरी

पहाटे साडेचारला ताईंचा दिवस सुरू व्हायचा. पाचला त्या गल्लीत पोचत. सव्वापाचला शेगडीत कोळसा पेटलेला असे आणि सहाला पहिल्या शर्टाच्या कॉलरवर इस्त्री टेकलेली असे. तीस वर्षांत यात पाच मिनिटांचा फरक पडलेला मी पाहिला नाही. मी याच गल्लीत राहतो, चाळीस वर्षं गवंडीकाम केलं. वेळेवर कामाला लागणारा माणूस किती कमी सापडतो, ते मला माहीत आहे.

गल्लीत नऊ घरं. जुनी, दगडी, एकमेकांना चिकटलेली. प्रत्येक घराचं दार उंचावर, आणि दारापर्यंत बाहेरून चौदा दगडी पायऱ्या. जिन्याशेजारी खाली अडगळीची एक बुटकी खोली. पाचव्या घराच्या जिन्याखाली, वरच्या पायऱ्यांच्या पोटात, ताईंचं टेबल. त्यावर जुनं ब्लँकेट चौपदरी घातलेलं, वर पांढरी चादर. इस्त्री पितळी, कोळशाची. मी एकदा हातात घेऊन चार शर्ट करून पाहिले. मनगट दोन दिवस दुखत होतं. ताई ती रोज दहा तास चालवत.

कॉलर आधी, तीही टोकांकडून मध्याकडे. उलटं केलं की टोकाला सुरकुती जमते आणि मग ती जात नाही. मग खांदे, बाह्या, पाठ, शेवटी पुढच्या पट्ट्या. कपड्यावर कुणाची खूण त्यांनी कधी केली नाही. घडी हीच खूण. मास्तरांचं कपाट अरुंद, म्हणून त्यांचे शर्ट उभे घडी केलेले. काकूंच्या उशांचे अभ्रे तीन घड्यांचे. नऊ घरांच्या नऊ तऱ्हा, सगळ्या हातात.

एकच कटकट होती. डोक्यावरच्या अकराव्या पायरीला तडा होता. पाऊस आला की थेंब नेमका टेबलाच्या कोपऱ्यावर पडायचा. तिथे ताईंनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा ठेवला होता. टप, टप. त्या मान वर न करता म्हणायच्या, "एक दिवस स्वतःचं छप्पर घेईन बघा."

वरून काकूंचा आवाज यायचा. "घे घे. एक खोली माझ्यासाठी पण ठेव. पायऱ्या नसलेली."

काकू म्हणजे त्या पाचव्या घराच्या मालकीण. एकट्या, आणि दोन्ही गुडघे गेलेले. ताईंची मुलगी दूरच्या गावी नर्स होती. "आई, आता ये माझ्याकडे," म्हणायची. ताईंचं उत्तर ठरलेलं. "तुझ्याकडे छप्पर आहे, पण काम कुठे आहे?"

मग बिल्डर आला. त्याचं म्हणणं सरळ होतं. जिने पाडायचे, खालच्या खोल्या उघडून समोर मोठ्या काचा लावायच्या, दुकानं काढायची. मालकांना भाडं आणि आतून लिफ्ट.

गल्ली दोन दिवसांत दुभंगली. मास्तर विरोधात. त्यांनी नगरपालिकेला अर्ज लिहिला आणि सह्यांसाठी घरोघर निघाले. वाटेत पावसाची सर आली. कागद ओला, चुरगळलेला. हिरमुसून ते ताईंकडे आले.

"ताई, याचं काही होईल का?"

"ठेवा इथे. कागद म्हणजे काय, पातळ कापडच." ताईंनी इस्त्री जरा निवू दिली, कागदावर सुती फडकं घातलं आणि हलक्या हातानं फिरवली. कागद सरळ झाला. शाईसुद्धा फुटली नाही.

"वा!" मास्तर खूश. "पहिली सही तुमचीच."

ताईंनी हात पुसले आणि सही केली. वाचलं नाही. टेबलावर आठव्या घराचे पडदे वाट बघत होते. मीही खाली सही केली, मीही वाचलं नाही. वर पहिलंच वाक्य होतं, "या गल्लीत आजवर कोणताही धंदा चाललेला नाही."

बिल्डरच्या माणसानं मात्र ते नीट वाचलं. आठवड्यानं तो गल्लीत आला, ताईंच्या टेबलासमोर उभा राहिला आणि हसला.

"काय हो मास्तर, हे काय चाललंय? भजन?"

मास्तरांचा चेहरा उतरला.

"धंदा चालतोच की इथे. आणि धंदेवालीचीच पहिली सही, धंदा नाही म्हणून!" त्यानं टेबलाचा फोटो काढला. "पुढच्या सोमवारी नगरपालिकेचे साहेब पाहणीला येणार आहेत. तेव्हा बोलू."

रविवारी दुपारी मास्तरांच्या जिन्यावर सगळे जमले. ताई खाली उभ्या. त्यांना बसायला कुणी सांगितलं नाही असं नाही, पण त्या बसल्या नाहीत.

"पंधरा दिवस टेबल उचलू या," मास्तर म्हणाले. "निकाल लागेपर्यंत. मग परत लावा."

"मास्तर," मी म्हटलं, "निकालात धंदा नाही असं लिहून आलं, की मग परत कसं लावणार?"

ते मास्तरांच्या डोक्यातच आलं नव्हतं. माणूस वाईट नव्हता, फक्त जिने वाचवताना जिन्याखाली बघायचं राहून गेलं होतं.

"मग असं सांगू," त्यांनी दुसरी वाट काढली. "ताई काही धंदा करत नाहीत. शेजारधर्म म्हणून, आपुलकीनं करतात."

ताईंनी एवढ्या वर्षांत गल्लीत आवाज चढवला नव्हता. त्या दिवशीही चढवला नाही.

"आपुलकीनं? मास्तर, तुमच्या शर्टाचे मी पैसे घेतले. प्रत्येक शर्टाचे. आणि घेण्यासारखं काम केलं म्हणून घेतले. मला इस्त्रीवाली म्हणा, धंदेवाली म्हणा. आपुलकी म्हणून माझी तीस वर्षं फुकटात काढू नका."

मास्तर स्वतःच्या बाहीच्या घडीकडे बघत राहिले.

तेवढ्यात काकू दारातून बोलल्या. "आता माझंही ऐका. तुम्हाला या पायऱ्या जपायच्यात. चढायच्या मला आहेत. दुकान आलं तर भाडं येईल, लिफ्ट येईल. मी बिल्डरला हो म्हणणार होते."

"म्हणा की," ताई म्हणाल्या. "तुमचं घर आहे."

"म्हणणार होते म्हटलं! पण मग तू कुठे जाणार, ते मला कुणी सांगेना." काकूंनी दाराच्या चौकटीला हात टेकला. "सकाळी सहाला खाली इस्त्री आपटली की मला कळतं, आज उठायचंय."

"मी इस्त्री आपटत नाही, काकू. टेकवते."

"बरं बाई, टेकवतेस."

लोक हसले. ताई हसल्या नाहीत. पण जिन्याच्या खालच्या पायरीवर बसल्या.

सोमवारी साहेब आले. बिल्डरच्या माणसानं आधी त्यांना ताईंपाशी नेलं, मग अकराव्या पायरीचा तडा दाखवला. "हे जिने धोकादायक आहेत साहेब. आणि धंदा तर आधीपासून आहेच."

साहेबांनी ताईंना विचारलं, "बाई, तुम्ही इथे धंदा करता?"

"करते."

"मग या अर्जावर सही?"

"माझीच. न वाचता केली. चूक माझी." ताईंनी इस्त्री तिवईवर ठेवली. "पण साहेब, तीस वर्षांत माझ्या धंद्यासाठी या गल्लीतला एक दगड हलवावा लागला नाही. जिना होता म्हणून मी इथे उभी राहिले. जिना पाडून धंदा करायचा आणि जिन्याखाली धंदा करायचा, हे एकच आहे का?"

साहेब काही लिहू लागले. ताईंना राहवलं नाही. "आणि तुमची कॉलर मध्याकडून दाबलीय कुणीतरी. टोकाला बघा."

साहेबांनी कॉलर चाचपली. बिल्डरचा माणूसही नकळत आपली चाचपू लागला.

मास्तरांनी त्याच दिवशी नवा अर्ज लिहिला. ताई म्हणाल्या, "आधी वाचून दाखवा." मास्तरांनी उभं राहून वाचलं. "या गल्लीत एक धंदा आहे, इस्त्रीचा. त्यासाठी एकही पायरी तोडावी लागलेली नाही. असे धंदे यावेत, जिने राहावेत." ताईंनी दोनदा ऐकलं, मग सही केली.

दीड महिन्यानं पत्र आलं. जिने राहणार. आहे त्या दारामागे, दर्शनी भाग न बदलता छोटा धंदा करायला परवानगी. इस्त्रीचं टेबल राहणार. पण तडे गेलेल्या पायऱ्या मालकांनी तीन महिन्यांत दुरुस्त करायच्या. काकूंनी खालची अडगळ उपसली आणि ती खोली वह्या-पुस्तकं बांधणाऱ्याला भाड्यानं दिली. त्या भाड्यातून जिन्याला दोन्ही बाजूंनी लोखंडी कठडे झाले. लिफ्ट नाही झाली. पायरीचं मात्र घोडं अडलं. काकू म्हणाल्या, पुढच्या महिन्यात बघू.

ताई माझ्याकडे आल्या. "अकरावी पायरी बदलायला काय पडेल?"

"ती काकूंची आहे."

"वरून त्यांची. खालून माझी. माझं छप्पर आहे ते."

मी दगडाची किंमत सांगितली. म्हटलं, "मजुरी राहू दे. मी असाच बसवून देतो."

ताई माझ्याकडे बघत राहिल्या. "आपुलकीनं?"

मी मजुरी सांगितली. पुरी.

चार दिवस लागले. वरच्या पायऱ्यांना लाकडी टेकू दिले, जुना दगड दोन तुकड्यांत निघाला, नवा छिन्नीनं घडवला. ताईंनी बजावलं होतं, "फार गुळगुळीत नको, काकू घसरतील." म्हणून वरून छिन्नीचे खडबडीत घाव तसेच ठेवले, खालून मात्र घोटला, कारण तिकडून बघणार त्या. बसवल्यावर मी वर दोन बादल्या पाणी ओतलं. ताई खाली टेबलावर कोरडा अभ्रा पसरून उभ्या. अभ्रा कोरडाच राहिला. पत्र्याचा डबा त्यांनी धुतला आणि त्यात कोळसा भरला.

दुसऱ्या दिवशी काकू कठडा धरून उतरत होत्या. अकराव्या पायरीवर थांबल्या. "अगं, मी तुझ्या डोक्यावर पाय देतेय की!"

"द्या," खालून आवाज आला. "पण हळू. नवं आहे."

स्वतःच्या छपरासाठी ताईंनी तीस वर्षं मजुरीतून पैसे बाजूला टाकले होते. त्यातून हे आलं. साडेचार फूट लांब, फूटभर रुंद, सात इंच जाड.