बारा बाय पंधरा

रत्नागिरीच्या बाजारातला आमचा फोटोग्राफर गिऱ्हाइकाकडे आधी बघत नाही. फोटोतल्या चेहऱ्यावर काडेपेटीतली काडी ठेवून माप बघतो आणि मग एकच प्रश्न विचारतो, "बघणार कुठून?"

पत्नी गेल्यावर मी तिचा एकुलता एक फोटो त्याच्याकडे नेला. लग्नातल्या घोळक्यात तिचा चेहरा तुरीच्या दाण्याएवढा होता. वडिलांच्या तसबिरीशेजारी लावायला मला बारा बाय पंधरा इंची हवा होता.

"मास्तर, काडीच्या गुलाखाली झाकला जातोय चेहरा. पोस्टकार्डापुरता पुरेल. त्यापुढे ताणलात तर वहिनी नाय, ठिपके दिसतील."

"दिसू देत. मोठाच काढा."

आठवड्याने त्याने फोटो काउंटरवर उभा केला. खरोखरच ठिपके होते. नाक कुठे संपते तेही कळेना. त्याने माझे कोपर धरले आणि उलट्या पावलांनी पायऱ्या उतरवून मला रस्त्यापलीकडे नेले. सायकलच्या दुकानापाशी पोचलो तेव्हा ती दिसली.

"तुमची खोली केवढी?"

"दहा फूट."

"मग?" म्हणत त्याने खिशातून पोस्टकार्डाएवढा फोटो काढून दिला. तो त्याने आधीच करून ठेवला होता.

छोटा माझ्या टेबलावर आहे. मोठा त्याने दुकानातल्या मागच्या भिंतीवर, रस्त्याकडे तोंड करून लावला आहे. बाजारात जाताना मी सायकलच्या दुकानापाशी थांबतो. तो मला हाक मारत नाही. फक्त दारातल्या गिऱ्हाइकाला जरा बाजूला व्हायला सांगतो.