नवसाचा बोकड आणि प्रभूचा पेला

लग्न होऊन जाफराबादकडच्या त्या खेड्यात आले तेव्हा एक काम आपसूक माझ्याकडे आलं. महिन्यातल्या एका रविवारी जालन्याहून चर्चचे पाळकसाहेब एसटीनं यायचे. त्याआधी मनुके भिजत घालायचे, कुस्करून रस गाळायचा, जाडसर पोळी भाजून पांढऱ्या फडक्यात गुंडाळायची. प्रभुभोजनाची तयारी. मी पाळकाचीच मुलगी. पोळी म्हणजे प्रभूचं शरीर, रस म्हणजे त्याचं रक्त, तो आपल्यासाठी बळी गेलेला कोकरा, हे सगळं मला पाठ होतं. पाठ असलेल्या गोष्टीचा माणूस फारसा विचार करत नाही.

मोठा दुष्काळ नुकताच सरला होता. त्या उन्हाळ्यात माझ्या नवऱ्याला मुदतीचा ताप आला. ते गावच्या शाळेत मास्तर. जालन्याच्या दवाखान्यात नेलं तेव्हा त्यांना माणसं ओळखू येत नव्हती. मी खाटेपाशी प्रार्थना करत बसायचे आणि सासूबाई व्हरांड्यात. त्यांना मी आत्याबाई म्हणायचे. सासऱ्यांच्या मागोमाग त्यांनीही तरुणपणी बाप्तिस्मा घेतला होता.

ताप उतरला. नवरा घरी आला, पावसाळ्यात शाळेतही जाऊ लागला. आत्याबाई मात्र एका जागी बसेनात. चुलीपासून दारात, दारातून अंगणात. लेकाला साधी शिंक आली तरी त्यांचा चेहरा उतरायचा.

एका सकाळी दारचा काळा बोकड सोडत त्या म्हणाल्या, "चल गं पोरी, बाजारात जाऊन येऊ." बोकड विकायचा असेल म्हणून मी निघाले. गावाबाहेर त्या भलत्याच वाटेला वळल्या.

"आत्याबाई, बाजार तिकडं आहे."

"ठावं हाय मला. दवाखान्यात बसून देवीला बोलले व्हते. ह्याचा ताप उतरू दे, बोकड देते म्हणून."

माझे पाय थबकले. "आपल्यात हे लागत नाही आता. प्रभू एकदाच बळी गेला, सगळ्यांसाठी."

"गेला असंल. पर बोलले तर मी ना? माझ्या बोलण्यापायी लेकाला काही झालं, मंग?"

परत फिरावं की सोबत जावं, कळेना. त्यांना एकटं सोडवेना. लिंबाखाली देवीचा शेंदरी दगड होता, दोन माणसं थांबलेली होती. मी लांब उभी राहिले, तोंड फिरवून. आवाज ऐकू आलाच. वळले तेव्हा धुळीत रक्त झिरपत होतं. आत्याबाईंनी मटणाचा तुकडाही घेतला नाही. रिकामं दावं घेऊन आम्ही घरी आलो.

गावात असं लपून राहत नाही. संध्याकाळी नवरा आला तो संतापूनच. "चर्चच्या मंडळीत मी उभा राहून बायबलचं वचन सांगतो, आन् माझ्याच दारचा बोकड देवीला जातो?" मीही सोबत होते, हे मी सांगितलं. पाळकसाहेब आले तेव्हा नवऱ्यानं स्वतःच त्यांना सगळं सांगितलं. ज्याच्या जिवासाठी आईनं ते केलं, त्यानंच.

पाळकसाहेब रागावले नाहीत. ओसरीवर बसून विचारलं, "बाई, प्रभूनं स्वतःला दिलं, ते पुरलं नाही का तुम्हाला?"

आत्याबाई जमिनीकडे बघत म्हणाल्या, "साहेब, लेक देता येत न्हाई म्हणून मी बोकड दिला. तुम्ही सांगता, देवानं लेकच दिला. मला तर ह्याचं नुसतं कण्हणं ऐकवत नव्हतं. त्या बापाला कसं ऐकवलं?"

"ऐकवलं नसेल," ते हळूच म्हणाले. "मी तरी तसंच मानतो. म्हणून तर तो आता कुणाचंच रक्त मागत नाही."

तरी मंडळीचा नियम होता. नाताळपर्यंत आत्याबाईंना प्रभुभोजन बंद.

ते महिने मला फार जड गेले. मनुके कुस्करताना बोटांमधून तांबडा रस ओघळायचा आणि लिंबाखालचा तो आवाज कानात यायचा. मी हात पुन्हापुन्हा धुवायचे. लहानपणापासून मी कोकऱ्याच्या रक्ताची गाणी म्हणत आले होते, आणि रक्त डोळ्यांनी पाहिलंच नव्हतं. प्रभुभोजनाच्या वेळी भिंतीला टेकून बसलेल्या आत्याबाई दिसल्या की मी नजर खाली वळवायचे. माहेरी वडिलांना विचारलं. त्यांनी नीट समजावलं, मला पटलंही. चैन मात्र पडली नाही.

नाताळला पाळकसाहेब स्वतः पोळीचं ताट घेऊन आत्याबाईंपाशी गेले. त्यांनी हात मागे घेतले.

"बाई, आता बंदी नाही."

"ठावं हाय, साहेब. पैले मुकाट खात व्हते. आता कुणाचं लेकरू हाय ते कळून राह्यलं. हात उचलत न्हाई."

सगळी मंडळी बघत होती. माझा नवरा पुढच्या रांगेतून उठला. आईशी ते तोपर्यंत कामापुरतंच बोलत. ते येऊन तिच्याशेजारी मांडी घालून बसले, आपल्या हातातल्या तुकड्याचे दोन भाग केले आणि एक पुढे धरला. "आई, घे."

त्यांनी लेकाच्या तोंडाकडे पाहिलं. मग तो तुकडा घेतला आणि पदराआड तोंड करून खाल्ला.

पेला आला तेव्हा मात्र मान हलवली. पुढेही जन्मभर त्या पोळीचा तुकडा घेत राहिल्या, पेला कधीच नाही. पाळकसाहेब बदलून गेले. नवे आले की नवरा आधी त्यांना बाजूला घेऊन सांगायचा, "माझ्या आईला पेल्याचं विचारू नका."