चुकणाऱ्या बाई

दुसरीच्या बाईंना शाळेत सगळे 'चुकणाऱ्या बाई' म्हणत, आणि तेही कौतुकाने. त्यांचा खेळ साधा होता. बाई फळ्यावर मुद्दाम काहीतरी चुकीचं लिहायच्या. आठवड्याला आठ वार करायच्या, मांजराला पाच पाय काढायच्या. चूक मुलांनी पकडली तर गुण वर्गाला, निसटली तर बाईंना. एरवी खिडकीबाहेर बघत बसणारी पोरंही डोळ्यांत तेल घालून फळ्याकडे बघायची, कारण मोठ्या माणसाला चूक म्हणायची परवानगी त्यांना दुसरीकडे कुठेच नव्हती.

गेल्या वर्षापासून मात्र चुका आपोआप होऊ लागल्या. बेरजेत हातचा धरायचा राहून जाई. पहिली वेलांटी द्यायची तिथे दुसरी पडे. मुलं ओरडत, बाई हसून गुण देत आणि प्रकरण झाकलं जाई. सुरुवातीला त्याचं बरं वाटलं. मग एकदा चूक कुणालाच दिसली नाही आणि अख्ख्या वर्गाने ती वहीत उतरवून घेतली. बाईंच्या ध्यानात आलं ते घरी, भांडी घासताना. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, आता थोडीच वर्षं राहिलीत, ओढ कशीतरी. बाईंना ओढायचंच नव्हतं. चाळीस मुलांचा गलका संध्याकाळी कानांत घेऊन घरी यायचं आणि सकाळी तोच घेऊन उठायचं, याने त्या पार शिणल्या होत्या.

त्यांनी मुख्याध्यापिकेकडे, म्हणजे मोठ्या बाईंकडे, वाचनालयाचं काम मागितलं. मोठ्या बाईंनी लगेच नाही म्हटलं नाही. पुढच्या आठवड्यात इतर शाळांचे शिक्षक हाच खेळ बघायला येणार होते. तेवढं होऊ दे, मग बघू, म्हणाल्या.

पाहुणे मागच्या बुटक्या बाकांवर गुडघे हनुवटीला लावून बसले. बाईंनी ठरवून केलेल्या दोन चुका मुलांनी झटक्यात पकडल्या. मग जरा दम खायला म्हणून बाईंनी एक सरळ बेरीज घातली, सेहेचाळीस अधिक अडतीस, आणि खाली लिहिलं चौऱ्याहत्तर.

"बाईंनी हातचा खाल्ला!" पुढच्या बाकावरून आवाज आला आणि वर्ग खदखदून हसला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. एका शिक्षकाने विचारलं, चुकताना चेहरा इतका सरळ ठेवणं कसं जमतं? बाई घोटभर पाणी प्यायल्या.

पाहुणे गेल्यावर त्या मोठ्या बाईंच्या खोलीत गेल्या.

"ती शेवटची चूक खरी होती."

"अहो, सगळ्यांना तसंच वाटलं. तीच तर तुमची कमाल."

"मी खरंच सांगतेय."

"बघा, हेसुद्धा किती सरळ चेहऱ्याने सांगताय," मोठ्या बाई हसल्या. "तुम्हाला वाचनालयात बसवलं तर लोक मला वेड्यात काढतील."

बाईंनी पुन्हा विषय काढला नाही. वाद घालायलाही अंगात त्राण लागतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गाला सांगितलं की आजपासून मी मुद्दाम चुकणार नाही. मुलांची तोंडं पडली. खेळ बंद का, असं कुणीतरी कुरकुरलं. बाई म्हणाल्या, बंद नाही, पण यापुढे चूक दिसली तर ती खरी असेल.

समोरचे दोन दात पडलेली एक मुलगी उभी राहिली. "मग गुण कुणाला?"

"कुणालाच नाही. फक्त सांगायचं."

हा कसला खेळ, असा भाव वर्गाच्या तोंडावर होता. दुपारी बाई फळ्यावर उतारा लिहून खुर्चीत टेकल्या. मुलं लिहीत होती. दात पडलेली मुलगी जागेवरून उठली, टेबलाशी आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "बाई, 'दिवस'ला पहिली वेलांटी."

बाईंनी वळून पाहिलं. मग उठून तळहाताने दुसरी वेलांटी पुसली आणि पहिली दिली. कुणी ओरडलं नाही, कुणी हसलंही नाही. खोडरबर घासल्याचा आवाज तेवढा झाला, आधी एका बाकावर, मग सगळीकडे.

सुटीपर्यंत अशा आणखी तीन दुरुस्त्या झाल्या. बाई नेहमीसारख्याच पाय ओढत घरी निघाल्या. वह्या मात्र बरोबर होत्या.